बेंगाल बोक्याची उडी : पिल्लूपणापासून म्हातारपणापर्यंत

ठाण्यात सातव्या मजल्यावर राहणाऱ्या एका बाईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्याकडे बेंगाल जातीचा पाच महिन्यांचा बोका आहे. पतीपत्नी दोघेही दिवसभर कामावर असतात आणि घरी सासूबाई असतात, ज्या पूर्ण शाकाहारी आहेत. बोका पहाटे तीन वाजता पडद्यावर चढतो, फ्रिजवरून कपाटावर उडी मारतो आणि पांघरुणाबाहेर आलेल्या पायांना चावतो. तो मोठा झाल्यावर शांत होईल का, त्याला काय खाऊ घालावे, पुढच्या आयुष्यात कोणत्या वयात कशाची काळजी घ्यावी आणि सोबतीला दुसरे मांजर आणावे का, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. तुम्हाला अपेक्षित असलेल्या अर्थाने तो शांत होणार नाही. दोन वर्षांनंतर पिल्लूपणाचा धसमुसळेपणा ओसरेल, पण उंच जागेची ओढ, पाण्यात पंजा घालण्याची सवय आणि कामाची भूक बहुधा जन्मभर राहील. उलट ज्या दिवशी तो काहीही कारण नसताना शांत झाला, त्या दिवशी त्याला दवाखान्यात घेऊन यावे. गेली बावीस वर्षे मी लहान प्राण्यांवर उपचार करत आहे आणि या जातीच्या मांजरांच्या मालकांना मी पहिल्याच भेटीत एक वही घालायला सांगतो. त्या वहीत महिन्यातून एकदा दोनच गोष्टी लिहायच्या : मांजराचे वजन, आणि ते एका उडीत कुठपर्यंत पोहोचते ती जागा. ओटा, फ्रिज, कपाट, दाराची चौकट, जे असेल ते. ही उडीची नोंद पुढे अनेक रक्ततपासण्यांच्या आधी बोलू लागते.

या उडीचे मूळ जातीच्या इतिहासात आहे. आशियाई जंगलात राहणाऱ्या एका लहान ठिपकेदार रानमांजराचा घरगुती मांजराशी संकर करून अमेरिकेत जीन मिल यांनी ही जात घडवली. त्यांचा पहिला प्रयत्न १९६० च्या दशकातला, आणि खरे पद्धतशीर काम १९८० च्या दशकातले. त्या रानमांजराचे शास्त्रीय नाव प्रायोनायल्युरस बेंगालेन्सिस आहे, त्यावरून जातीला बेंगाल हे नाव पडले. आपल्या सह्याद्रीतही ते आढळते. मराठीत त्याला वाघाटी म्हणतात, मात्र त्याहून लहान असलेल्या दुसऱ्या एका रानमांजरालाही हेच नाव वापरले जाते. जातीच्या घडणीत दिल्लीचाही हात आहे. तिथल्या प्राणिसंग्रहालयाच्या आवारात सापडलेले एक ठिपकेदार भटके पिल्लू मिल यांनी अमेरिकेला नेले आणि आजच्या अनेक बेंगाल मांजरांच्या वंशावळीत ते आहे. रानमांजरापासून किमान चार पिढ्या दूर असलेल्या मांजरालाच घरगुती बेंगाल मानतात. त्यामुळे तुमचा बोका जंगली आहे, ही शेजाऱ्यांची समजूत चुकीची आहे. मात्र कोणी पहिल्या किंवा दुसऱ्या पिढीचे पिल्लू देऊ करत असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये. तो प्राणी सदनिकेत सुखी राहत नाही, आणि मूळ रानमांजर आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असल्याने तो व्यवहार तुम्हाला अडचणीतही आणू शकतो.

पिल्लू ज्यांच्याकडून घेतले त्यांच्याकडे आईवडिलांच्या दोन जनुकीय चाचण्यांचे निकाल मागा. एक चाचणी लाल रक्तपेशी अकाली फुटून अंगातले रक्त कमी करणाऱ्या पायरुव्हेट कायनेजच्या कमतरतेची आणि दुसरी डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी करणाऱ्या आनुवंशिक विकाराची. दोन्ही विकारांत सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडून आले तरच आजार होतो. म्हणून आईबाप निरोगी दिसतात, हा पुरावा ठरत नाही. विक्रेत्याकडे निकाल नसतील, आणि आपल्याकडे बहुतेकदा नसतातच, तर तुमच्या बोक्याचीच चाचणी गालाच्या आतील भागाचा बोळा घेऊन करता येते. डोळ्यांच्या विकारात मांजर अंधारात आधी चाचपडू लागते. घरातली रचना पाठ असल्यामुळे दिवसा कोणाच्या लक्षात येत नाही. संध्याकाळी दिवे मालवून त्याला ओळखीच्या जागी उडी मारायला लावली, तर शंका लवकर येते.

आता पहाटेच्या धुमाकुळाबद्दल. मांजराचा दिवस आपल्यासारखा नसतो. पहाट आणि तिन्हीसांजा हे त्याचे शिकारीचे प्रहर असतात. शिकार म्हणजे एकामागून एक येणाऱ्या क्रिया असतात : टपून बसणे, पाठलाग, झडप, पकड, चावा, आणि मग खाणे, अंग चाटणे, झोपणे. ही साखळी मध्येच तुटली की मांजर पुन्हा पहिल्या पायरीवर जाते, आणि त्या वेळी हलणारी एकमेव वस्तू तुमचा पाय असतो. लेझरचा लाल ठिपका मला म्हणूनच आवडत नाही, कारण त्यात पकड कधी होतच नाही. काठीला दोरीने बांधलेले पीस घ्या आणि ते मांजराच्या तोंडाकडे न नेता त्याच्यापासून दूर, भिंतीच्या कडेने, थांबत थांबत सरकवा, कारण उंदीर कधी मांजराच्या अंगावर धावून येत नाही. दहा-पंधरा मिनिटांनी त्याला ते पकडू द्या, चावू द्या आणि लगेच जेवण द्या. सकाळी कामावर जाण्यापूर्वी, संध्याकाळी आल्यावर आणि झोपण्याच्या आधी, असे तीनदा नियमाने केल्यास बहुतेक घरांत दोन-तीन आठवड्यांत पहाटेचा गोंधळ निम्म्याने तरी उतरतो. त्या काळात पहाटे उठून त्याला खायला देऊ नका आणि रागावूही नका, कारण दोन्हीतून त्याला एकच धडा मिळतो की ओरडले की माणूस उठतो. हाताने खेळवणे मात्र आजपासून बंद. चार महिन्यांच्या पिल्लाचा चावा गमतीचा वाटतो, पण दीड वर्षाच्या पाच किलोच्या बोक्याचा चावा जखम करतो.

उंचीची गरज मारून टाकता येत नाही, तिला वाट द्यावी लागते. भिंतीवर आठ-दहा इंच रुंदीच्या फळ्या पायऱ्यांसारख्या लावून छताजवळ एक बसण्याची जागा केली, तर पडदे आपोआप वाचतात. जुनी सुतळी गुंडाळलेला, त्याला पूर्ण ताणून उभे राहता येईल एवढा उंच आणि न डगमगणारा खांब सोफ्याच्या शेजारीच ठेवा. ही मांजरे बुद्धीने तल्लख असतात. चिकनच्या कणाएवढ्या बक्षिसावर हाक मारल्यावर येणे, पिंजऱ्यात स्वतःहून बसणे, अंगपट्टा घालून इमारतीच्या गच्चीवर फिरणे हे सगळे ती आठवड्याभरात शिकतात. दुपारी सासूबाईंनी दोन मिनिटे असा सराव घेतला तरी चालेल. त्यासाठी मांसाला हात लावण्याची गरज नाही, कोरड्या खाद्याचा दाणाही पुरतो.

खाण्याचा विषय आपल्याकडे नाजूक असतो, म्हणून स्पष्ट लिहितो. मांजर हा सक्तीचा मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचे अमिनो आम्ल त्याचे शरीर पुरेसे तयार करू शकत नाही आणि ते वनस्पतीत नसल्यातच जमा आहे. आहारात टॉरिन कमी पडल्यास मांजराचे हृदय फुगून निकामी होते, हे १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी दाखवून दिले आणि त्यानंतर तयार खाद्यांत त्याचे प्रमाण वाढवले गेले. गावाकडचे मांजर दूधपोळीवर जगते, असे सासूबाई म्हणतील. ते दूधपोळी खाते हे खरे, पण उंदीर, पाली आणि चिमण्या खाऊन ते जगते. सातव्या मजल्यावरच्या बोक्याला ती सोय नाही. दूध तर बहुतेक मोठ्या मांजरांना पचतही नाही. घरात मांस शिजवायचे नसेल तर पिल्लांसाठीचे संपूर्ण पोषण असलेले डबाबंद ओले आणि कोरडे खाद्य द्या, त्याची वेगळी भांडी ठेवा, आणि प्रश्न मिटतो. नुसते उकडलेले चिकन रोज घालणे हाही उपाय नव्हे. त्यात कॅल्शियम इतके कमी असते की वाढत्या पिल्लाची हाडे पोकळ होऊन साध्या उडीत मोडल्याचे मी पाहिले आहे.

एका उंदरातून साधारण ३० किलोकॅलरी मिळतात, म्हणजे मांजराचे पोट दिवसातून आठ-दहा छोट्या जेवणांसाठी घडलेले आहे. सहा महिन्यांपर्यंत चार वेळा आणि पुढे किमान तीन वेळा मोजून द्या. दुपारचा वाटा छिद्रे पाडलेल्या डब्यात किंवा कागदाच्या पुड्यांत लपवून ठेवा, म्हणजे तो शोधण्यात त्याची दुपार जाईल. पाण्याची भांडी खाण्यापासून दूर, दोन-तीन ठिकाणी असावीत. या जातीला वाहत्या पाण्याचे वेड असते, त्यामुळे छोटे कारंजे घेतले तर तो बहुधा पाण्याकडे अधिक वळतो आणि नळाखालचा मुक्काम हलवतो.

लसीकरणाचा हिशेब सोपा आहे. सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होणारी तिहेरी लस दर तीन-चार आठवड्यांनी सोळा आठवड्यांपर्यंत द्यायची आणि मग सहा महिन्यांच्या सुमारास आणखी एक. शेवटच्या दोन मात्रा वगळल्या जातात आणि तिथेच घोटाळा होतो, कारण आईकडून आलेली प्रतिकारशक्ती काही पिल्लांमध्ये सोळा आठवड्यांपर्यंत लस निष्प्रभ करत राहते. रेबीजची लस बारा आठवड्यांनंतर आणि आपल्या देशात दरवर्षी, मांजर घराबाहेर जात नसले तरीही. जंताचे औषध सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला द्यावे. बेंगाल पिल्लांना महिनोन्‌महिने पातळ, दुर्गंधीयुक्त शौच होत असेल आणि जंताच्या औषधांनी फरक पडत नसेल, तर ट्रायट्रिकोमोनास नावाच्या सूक्ष्म परजीवीची चाचणी करून घ्या. अनेक मांजरे एकत्र ठेवणाऱ्यांकडून आलेल्या पिल्लांत तो असतो आणि नेहमीच्या औषधांना दाद देत नाही. याच वयात सतत ताप, वजन घटणे आणि पोट फुगणे ही लक्षणे दिसली तर थांबू नये. करोनाविषाणूपासून होणारा एफआयपी हा आजार शुद्ध जातीच्या तरुण मांजरांत अधिक दिसतो. काही वर्षांपूर्वीपर्यंत तो म्हणजे मृत्युदंड होता, आता विषाणूविरोधी औषधांनी बहुतेक मांजरे बरी होतात, पण उपचार लवकर सुरू व्हावे लागतात.

खच्चीकरणाला आता उशीर करू नका. पाच महिन्यांच्या आसपास ते झाले तर मूत्राचे फवारे मारण्याची सवय लागण्याआधीच थांबते, आणि या जातीच्या बोक्यांत ती सवय एकदा लागली की शस्त्रक्रियेनंतरही सुटेल याची खात्री नसते. ज्यांच्याकडे भाटी असेल त्यांनीही पहिल्या माजाच्या आधीच करून घ्यावे. नंतर उष्मांकांची गरज अंदाजे पाव हिश्श्याने घटते, तेव्हा खाण्याचा वाटा लगेच कमी करा. पाच किलोच्या बोक्याला दिवसाला २५० किलोकॅलरींच्या आसपास पुरतात. भरपूर धावणाऱ्याला थोड्या जास्त लागतात आणि वहीतले वजन ते सांगते.

घरातल्या धोक्यांची यादी मोठी आहे, पण तुमच्या घराला लागू पडतील तेवढेच सांगतो. खिडक्या आणि बाल्कनी. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी बेंगाल मांजर एका रात्रीत कुरतडते, तारेची, चौकटीत घट्ट बसवलेली जाळी लागते. दोरा हा दुसरा धोका. फुलपुडीचा दोरा, राखी, शिवणाची सुई ओवलेली रीळ, संक्रांतीनंतर गच्चीवर पडलेला मांजा. दोऱ्याचे एक टोक जिभेखाली किंवा जठरात अडकते आणि उरलेला दोरा पुढे ओढला जातो. परकराची नाडी ओढल्यावर नेफा जसा गोळा होतो तसे आतडे गोळा होते आणि कापले जाते. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा दिसला तर ओढू नका, कापूही नका, तसेच दवाखान्यात या. देवपूजा घरात असल्यामुळे फुलपुडी उघडल्याबरोबर दोरा झाकणाच्या डब्यात टाकण्याचा नियम सासूबाईंना अवश्य सांगा. पुष्पगुच्छातली लिली घरात नको, तिचे परागकणही मूत्रपिंडे निकामी करतात. तापावरची पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, कारण ते औषध निष्प्रभ करणारी यंत्रणा त्याच्या यकृतात जवळजवळ नसते. कुत्र्यांच्या गोचिडांसाठी मानेवर टाकायचे पर्मेथ्रिनचे थेंबही तितकेच घातक. रात्री गॅसच्या सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा, कारण ओट्यावर चढणाऱ्या मांजराच्या पायाने शेगडीची बटणे फिरतात. आणि धुलाईयंत्र लावण्यापूर्वी आत डोकावून पाहा.

एक ते सहा वर्षे हा तारुण्याचा काळ आहे आणि मालक याच काळात दवाखान्याची वाट विसरतात. वर्षातून एक तपासणी पुरते, पण ती व्हावी. या जातीत हृदयाच्या स्नायूची भिंत जाड होण्याचा आजार, हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी, आढळतो, आणि त्याची भरवशाची जनुकीय चाचणी बेंगालसाठी नाही. छातीला नळी लावून ऐकले तरी अनेकदा काही कळत नाही. म्हणून दीड-दोन वर्षांच्या वयात एकदा, आणि पुढे शक्य असल्यास दर एक-दोन वर्षांनी टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्यावा. घरी करण्यासारखी तपासणी म्हणजे गाढ झोपेत असताना मिनिटभर श्वास मोजणे. निरोगी मांजराचे ते ३० च्या खाली असतात. सतत ३० च्या वर जात असतील, किंवा खेळल्यावर ते तोंड उघडून धापा टाकत असेल, तर उन्हाळा आहे म्हणून सोडून देऊ नका. अचानक मागचे दोन्ही पाय लुळे आणि गार पडून मांजर किंचाळू लागले, तर हृदयात तयार झालेली रक्ताची गुठळी पायांच्या रक्तवाहिनीत अडकली असण्याची शक्यता मोठी असते. तेव्हा एक तासही दवडू नये.

तरुण बोक्यांतली दुसरी आणीबाणी मूत्रमार्ग तुंबण्याची. लिटरच्या, म्हणजे मलमूत्रासाठी ठेवलेल्या वाळूच्या, पेटीत वारंवार जाऊन बसतो, कण्हतो आणि खाली थेंबभरही ओले होत नाही, याला बद्धकोष्ठ समजून घरगुती उपाय करत बसलेली कुटुंबे मी पाहिली आहेत. दीड-दोन दिवसांत हा आजार प्राण घेतो. मूत्राशयाच्या या दुखण्यामागे अनेकदा ताण असतो. घरात चाललेली दुरुस्ती, पाहुणे, दिवाळीचे फटाके, गणपतीत इमारतीखाली वाजणारे ढोल. त्या दिवसांत आतल्या खोलीतले कपाट उघडे ठेवा आणि तिथे पाणी, खाणे व लिटर द्या. लिटरच्या पेट्या एका मांजराला दोन हव्यात, त्या वेगवेगळ्या खोल्यांत असाव्यात आणि रोज साफ व्हाव्यात. बेंगाल मांजर अस्वच्छ पेटीबद्दल निषेध नोंदवते, आणि तो बहुधा तुमच्या गादीवर नोंदवते.

सात ते दहा वर्षांच्या प्रौढपणी खेळण्याचा वेळ तोच ठेवा, फक्त उड्यांची जागा टपण्याला आणि शोधण्याला द्या. या वयात दात बिघडतात, पोट सुटते आणि मालकाला वाटते की आता सगळे स्थिरावले. रक्त, लघवी आणि रक्तदाब यांची तपासणी इथून दरवर्षी, आणि दहाव्या वर्षानंतर दर सहा महिन्यांनी करावी, कारण सहा महिने म्हणजे त्या वयाच्या मांजरासाठी आपली दोन वर्षे असतात.

दहाव्या वर्षानंतर वहीचे मोल कळते. बारा वर्षांची एक बेंगाल भाटी माझ्याकडे केवळ नखे कापायला आणली होती. “आता शहाणी झाली हो, कपाटावर चढत नाही,” असे मालकीणबाई कौतुकाने म्हणाल्या. वहीत पाहिले तर आठ महिन्यांपूर्वी कपाट, पाच महिन्यांपूर्वी फ्रिज, मग ओटा, आणि गेले दोन महिने खुर्ची. वजन त्याच काळात ४०० ग्रॅमने उतरले होते. क्ष-किरणात कोपर आणि नितंबाचे सांधे झिजलेले निघाले आणि रक्तदाब १९० च्या वर होता. वेदनाशामक आणि रक्तदाबाची गोळी सुरू झाल्यावर सहाव्या आठवड्यात ती पुन्हा फ्रिजवर होती. म्हाताऱ्या मांजरांत सांध्यांची झीज जवळजवळ सार्वत्रिक असते, पण मांजर लंगडत नाही, ते फक्त उडी मारणे सोडते आणि आपण त्याला शहाणपण म्हणतो. पाणी जास्त पिणे आणि वजन घटणे यामागे मूत्रपिंडाचा जुनाट आजार किंवा मधुमेह असतो. भरपूर खाऊनही वाळत जाणे, रात्री मोठ्याने ओरडणे आणि पुन्हा पिल्लासारखे धावू लागणे यामागे थायरॉइडची अतिक्रिया असू शकते, आणि बेंगालच्या बाबतीत हे फसवे ठरते, कारण घरच्यांना वाटते की जुना उत्साह परत आला. मांजराने दोन दिवस काहीच खाल्ले नाही तर तिसऱ्या दिवसाची वाट पाहू नका, उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साचते, स्थूल असेल तर अधिक वेगाने.

या वयात भिंतीवरच्या फळ्या काढून टाकू नका, त्यांच्यामधले अंतर कमी करा आणि खाली एक स्टूल ठेवा. लिटरच्या पेटीची एक कड कापून बुटकी करा, फरशी गुळगुळीत असेल तर तिच्यावर सतरंजी घाला, आणि पीस बांधलेली काठी त्याच्या पुढ्यात जमिनीवरूनच फिरवा. पडल्यापडल्या पंजा मारला तरी त्याची शिकार झाली असे समजून त्याला घास द्या.

राहिला दुसऱ्या मांजराचा प्रश्न. आत्ता आणू नका. आधी खच्चीकरण आणि दिनक्रम बसू द्या. आठ-दहा महिन्यांचा झाल्यावर, तुम्ही खेळाचे तीन वेळ पाळूनही तो दुपारी कंटाळलेला दिसत असेल, तर त्याच्याच वयाचे, तितकेच दांडगे, नसबंदी केलेले मांजर आणा. देशी मांजरही उत्तम जोडीदार ठरते. लाजरे पर्शियन आणलेत तर ते पलंगाखाली आयुष्य काढील. पहिले दोन-तीन आठवडे दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवा, वास ओळखीचा व्हावा म्हणून अंथरुणांची अदलाबदल करा, मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण द्या, आणि फुत्कार थांबल्यावरच दार फटीएवढे उघडा. तो दहा-बारा वर्षांचा झाल्यावर त्याला पुन्हा तरतरी यावी म्हणून पिल्लू आणण्याचा मोह अनेकांना होतो, तो मात्र टाळा. दुखऱ्या सांध्यांवर दिवसभर झडप घालणारे पिल्लू त्याला तरतरी देत नाही, कपाटामागे लपायला लावते.